देहाचा पडताळा

महसूल खात्यात कारकुनीपासून अव्वल कारकुनीपर्यंत आणि तिथून नायब तहसीलदाराच्या खुर्चीपर्यंत तेहतीस वर्षे काढलेल्या माणसाला मार्चअखेरची वसुली म्हणजे काय, अधिवेशनाच्या दिवसांत सायंकाळी पाच वाजता येऊन थडकलेल्या तारांकित प्रश्नाचे उत्तर त्याच रात्री रवाना करणे म्हणजे काय, आणि साहेबांच्या शेऱ्यात काय लिहिले असेल याचा अंदाज बांधीत जिना चढणे म्हणजे काय, हे दुसऱ्या कोणी समजावून सांगावे लागत नाही. ते सारे माझ्या उजव्या खांद्यात साठत गेले होते, हे मात्र मला निवृत्तीनंतर दोन वर्षांनी कळले, आणि तेही एका यंत्राने सांगितले म्हणून.

डोके दुखत असे. कोणी कपाळाभोवती फेटा करकचून बांधावा आणि सोडायला विसरावे, तसे. गोळ्यांनी ते दबे आणि गोळ्या संपल्या की पुन्हा हजर होई. सर्व तपासण्या निर्दोष निघाल्यावर मेंदूविकारतज्ज्ञांनी मला एका तरुण डॉक्टरबाईंकडे धाडले. त्यांनी माझ्या कपाळावर आणि मानेलगतच्या खांद्यावर लहान चकत्या चिकटवल्या, त्यांच्या तारा एका पेटीला जोडल्या, आणि त्या पेटीतून एक सलग सूर निघू लागला. स्नायू आवळला की सूर चढे, सैलावला की उतरे. एवढेच त्या यंत्राचे कसब. "काका, खांदा सैल सोडा," बाई म्हणाल्या. मी म्हटले, सैलच आहे. सूर तार सप्तकात होता. मग त्यांनी मला कचेरीतले कोणीतरी आठवायला सांगितले. आणि ज्या साहेबांच्या हाताखाली माझी सहा वर्षे गेली त्यांचे आडनाव पुरते मनात उमटण्यापूर्वीच पेटीने असा काही स्वर लावला की शेजारच्या खोलीतील परिचारिका डोकावून गेली. साहेबांना निवर्तून तेव्हा चार वर्षे झाली होती.

या उपचाराला बायोफीडबॅक म्हणतात. १९६९ साली कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे जमलेल्या संशोधकांनी आपली संस्था स्थापन करताना हा शब्द पत्करला आणि तो रूढ झाला. त्यातील 'फीडबॅक' हा अर्धा भाग अभियंत्यांच्या शास्त्रातून आलेला. नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने १९४८ सालच्या आपल्या ग्रंथात यंत्र आणि प्राणी या दोघांनाही लागू पडणारे तत्त्व म्हणून त्याची मांडणी केली होती. मराठीत त्यासाठी जे प्रतिशब्द घडवले गेले ते कोशात सुखाने नांदत आहेत, त्यांना उठवण्याची माझी इच्छा नाही. मला स्वतःला कचेरीतला जुना 'पडताळा' हा शब्द इथे चपखल वाटतो. रोजकीर्दीवरून खतावणीचा पडताळा घेतात, तसा हा देहाचा पडताळा. आपल्या हृदयाचे ठोके, बोटांची ऊब, त्वचेचा सूक्ष्म घाम, स्नायूंचा ताण यांची रोजकीर्द शरीर क्षणोक्षणी लिहीतच असते. ती आपल्याला वाचता येत नाही इतकेच. यंत्र ती ऐकवते किंवा दाखवते, घटना घडत असतानाच. आणि या 'घडत असतानाच' या शब्दांतच सगळी शिकवणूक आहे. गवयाच्या शागिर्दाचा स्वर हलला हे गुरूने त्याच श्वासात सांगितले तर तो सुधारतो, आठवड्याने पत्र लिहून कळवले तर काही उपयोग होत नाही.

शरीर असे शिकू शकते की नाही, हा प्रश्न मात्र सोपा नव्हता. हातपाय आपल्या हुकुमातले आणि हृदय, आतडी, रक्तवाहिन्या आपल्या हुकुमाबाहेरच्या, अशी वाटणी शरीरशास्त्राने फार पूर्वी करून ठेवली होती. दुसऱ्या वर्गाचा कारभार पाहणाऱ्या मज्जासंस्थेला 'स्वायत्त' हे नावच त्यामुळे मिळाले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील नील मिलर यांनी साठाच्या दशकात ही वाटणी मोडीत काढायचे ठरवले. उंदरांचे स्नायू क्युरारे या औषधाने निश्चल करून, कृत्रिम श्वासावर त्यांना जिवंत ठेवून, हृदयगती हवी तशी बदलली की मेंदूतील सुखकेंद्राला विजेचे बक्षीस द्यायचे, असा तो प्रयोग. आणि उंदीर शिकतात असा दाखला मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. केवढा गाजावाजा झाला! पण पुढे तेच प्रयोग करू जाता त्यांना स्वतःच्याच प्रयोगशाळेत पूर्वीचे आकडे मिळेनात. वर्षामागून वर्ष प्रयत्न करूनही ते न जुळल्यावर मिलर यांनी ही गोष्ट दडवून न ठेवता स्वतःच जाहीर केली. ज्या विद्येचा पाया म्हणून हा प्रयोग मिरवला गेला तो पाया असा ढासळल्यावर इमारतही कोसळायला हवी होती. ती कोसळली नाही, कारण मधल्या काळात माणसांवर झालेल्या साध्या प्रयोगांनी तिला दुसरे खांब दिले होते. तरीही मला या साऱ्या इतिहासात मिलर यांचे ते कबूल करणेच सर्वांत मोठे वाटते. आपल्याकडे एखादे परिपत्रक चुकले हे मान्य करायलाही तीन खात्यांची सहमती लागते.

इथे आपल्याकडील वाचकाच्या ओठांवर येऊन थांबलेले वाक्य मला ठाऊक आहे: आमच्या योग्यांना हे हजारो वर्षांपूर्वी अवगत होते. या वाक्याचा पडताळाही झालेला आहे, आणि तो मोठा मनोरंजक आहे. १९३५ साली तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ विदुषी हृदयाचा विद्युतालेख काढणारे यंत्र घेऊन हिंदुस्थानात आल्या आणि एका योग्याचे हृदय इच्छेने थांबल्यासारखे दिसते, असा आलेख घेऊन परतल्या. १९५७ साली वेंगर व बागची हे संशोधक आणि दिल्लीचे शरीरशास्त्रज्ञ बा. कृ. आनंद यांनी अधिक सज्जतेने तोच दावा तपासला. मनगटाची नाडी लुप्त होत होती, छातीवर लावलेल्या नळीतून ठोके ऐकू येईनासे होत होते. पण विद्युतालेखात हृदय आपले काम अखंड करीत असल्याचे स्वच्छ उमटले होते. श्वास कोंडून छातीतील व पोटातील स्नायू जोराने आवळले की हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा ओघ घटतो, नाडी क्षीण होते आणि स्नायूंच्या घरघरीत हृदयाचे ध्वनी बुडून जातात, हा त्याचा उलगडा. म्हणजे हृदय थांबले नव्हते. हृदयाचा पुरावा थांबवला गेला होता. महसुलात काम केलेल्या माणसाला हा भेद चटकन समजतो.

याचा अर्थ योगविद्येत काही नव्हते असा मी काढत नाही. काढला असता तर लोणावळ्याची आठवण मला गप्प बसू देती ना. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून विख्यात झालेले गृहस्थ, यांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम स्थापन केले, आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू करून क्ष-किरणांची छायाचित्रे व दाबमापकांची निरीक्षणे त्यात छापायला आरंभ केला. नौली या योगक्रियेच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबाहून खाली जातो, हे त्यांनी मोजून दाखवले आणि त्या निर्वाताला आपले गुरू माधवदास यांचे नाव दिले. शिष्याने गुरूचे नाव मंदिराला देण्याऐवजी दाबमापकाच्या एका निरीक्षणाला द्यावे, ही गुरुभक्तीची रीत मला फार लोभस वाटते. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगायचाच असेल तर तो 'सारे पूर्वीच ठाऊक होते' या समाधानाचा नसावा. पूर्वी ठाऊक असलेले खरे की खोटे, हे पाहण्यासाठी जो मनुष्य नळी आणि पारा घेऊन बसला त्याचा असावा.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात टोपेका येथे मेनिंगर प्रतिष्ठानात एल्मर आणि अॅलिस ग्रीन या दांपत्याने १९७० साली हिमालयातून आलेल्या स्वामी राम यांची तपासणी केली, तीत एकाच तळहाताच्या दोन जागांच्या तापमानात त्यांनी इच्छेने अंतर पाडून दाखवले, अशी नोंद आहे. ही कथा वारंवार सांगितली जाते. मला त्याच प्रयोगशाळेतील दुसरी, फारशी न सांगितली जाणारी कथा अधिक मोलाची वाटते. तिथे आलेल्या एका स्त्रीची अर्धशिशी, तिचे हात झपाट्याने उबदार होत असताना, थांबली. आणि त्या योगायोगाकडे दुर्लक्ष न करता ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धशिशीच्या रुग्णांना बोटावर तापमापक बांधून हात गरम करायला शिकवले. ताणाच्या प्रसंगी बोटांतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटे थंड पडतात, मन निवले की त्या सैलावतात आणि ऊब परतते. परीक्षेच्या मांडवात बसलेल्या कोणत्याही मुलाचा हात धरून पाहावा. स्वामींचा चमत्कार एकट्या स्वामींपाशी राहिला, पण हात गरम करण्याची विद्या एखाद्या शिक्षिकेला, टंकलेखिकेला, शिवणकाम करणाऱ्या बाईला नेता येण्यासारखी होती.

आणि तरीही माझ्या मते या विद्येची खरी परीक्षा टोपेकात झाली नाही, न्यूयॉर्कातही नाही. ती लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन येथील एका सामान्य दवाखान्यात झाली. डॉ. चंद्रा पटेल या भारतीय वंशाच्या, तिथे सर्वसाधारण वैद्यकी करणाऱ्या स्त्रीने रक्तदाबाच्या वीस रुग्णांना शवासन, श्वासाकडे अवधान आणि क्रमाने अवयव शिथिल करणे हे शिकवले, आणि जोडीला त्वचेच्या विद्युतरोधातील फेरबदल आवाजाच्या रूपाने ऐकवणारे एक उपकरण दिले. १९७३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी हिशेब मांडला: पाच जणांची औषधे पूर्णपणे बंद झाली, सात जणांची बरीच कमी झाली, चौघांचा दाब आधीपेक्षा अधिक आटोक्यात आला, आणि चौघांवर काहीही परिणाम झाला नाही. या शेवटच्या चौघांचा उल्लेख पटेलबाईंनी ज्या सरळपणे केला आहे तो वाचून मला त्यांच्याविषयी विश्वास वाटला. आपल्याकडील शिबिरांच्या जाहिरातींत हे चौघे कधीच आढळत नाहीत.

शंकेखोरांनी विचारले, की बाईंच्या मायेने आणि वारंवारच्या भेटींनीच दाब उतरला असेल, तर? हा प्रश्न रास्त होता आणि पटेलबाईंनी तो अपमान म्हणून न घेता काम म्हणून घेतला. १९७५ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी नॉर्थ यांनी चौतीस रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला सहा आठवडे योगाधिष्ठित शिथिलीकरण व बायोफीडबॅक, दुसऱ्याला तितक्याच भेटी, पण 'स्वस्थ पडून राहा' एवढीच सूचना. पहिल्या गटाचा सरासरी दाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला; दुसऱ्याचा १६९/१०१ वरून १६०/९६ वर. नंतर दुसऱ्या गटालाही तीच विद्या शिकवली, तेव्हा त्यांचा दाबही पहिल्या गटाच्या पातळीपर्यंत खाली आला. सामान्य वैद्यकी करणाऱ्या एका स्त्रीने, रोजच्या रुग्णांतून वेळ काढून, असा नेटका प्रयोग करावा, याचे मला आजही नवल वाटते. आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतून तिचे नाव कुठेच भेटत नाही, याचे त्याहून अधिक.

पटेलबाईंच्या यशात यंत्राचा वाटा किती आणि शवासनाचा किती, हे मात्र त्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही, आणि हीच या विद्येची जुनी अडचण आहे. पुढे रक्तदाबावर जे अनेक प्रयोग झाले त्यांची एकत्र छाननी करणाऱ्यांना यंत्राविना केलेल्या शिथिलीकरणाहून यंत्रासह केलेले सरस ठरते, असे खात्रीने म्हणता आले नाही. ताणाच्या डोकेदुखीत आणि अर्धशिशीत पुरावा बराच भक्कम आहे. मूत्रावरील ताबा सुटणे, किंवा ओटीपोटाचे स्नायू चुकीच्या वेळी आवळल्यामुळे होणारा मलावरोध, यांत तर तो चांगलाच भक्कम आहे, पण असल्या विकारांची चर्चा दिवाणखान्यात होत नसल्यामुळे तिथले यश झाकलेले राहते. दीर्घकालीन मानसिक ताणाविषयी बोलायचे तर २०१७ साली चोवीस प्रयोगांतील ४८४ व्यक्तींचे आकडे एकत्र मांडले गेले, त्यात हृदयगतीच्या चढउतारांवर आधारलेल्या बायोफीडबॅकने ताण आणि चिंता यांत मोठी घट दिसली. मोठी घट, हे खरे. पण चोवीस प्रयोगांत ४८४ माणसे म्हणजे एका प्रयोगात सरासरी वीस, हेही खरे. शिवाय औषधाच्या गोळीसारखी साखरेची खोटी गोळी इथे देता येत नाही. समोर सूर वाजतो आहे की नाही, हे रुग्णाला कळतेच.

हा हृदयगतीचा प्रकार थोडा उलगडून सांगण्यासारखा आहे, कारण त्यात यंत्राचा आणि परंपरेचा हिशेब खरोखर जुळतो. निरोगी हृदय घड्याळाप्रमाणे समान अंतराने ठोके देत नाही. श्वास आत घेताना ते किंचित घाई करते, सोडताना रेंगाळते. कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८४७ सालीच हे टिपून ठेवले होते. आता मानेच्या आणि हृदयालगतच्या मोठ्या धमन्यांत दाबाची खबर ठेवणारे चौकीदार असतात. दाब वाढला की ते मेंदूला वर्दी देतात आणि हृदय मंदावते, दाब घटला की उलट. या वर्दीला आणि तिच्या अंमलबजावणीला मिळून सुमारे पाच सेकंद लागतात, म्हणजे चढ आणि उतार मिळून दहा. नागपंचमीच्या झोक्यावर बसलेल्या मुलीला पुढे ढकलायचे असेल तर झोका परत येऊन थांबतो त्या क्षणी हात लावावा लागतो, तसे श्वासाची फेरी या दहा सेकंदांच्या हेलकाव्याशी जुळली, म्हणजे मिनिटाला सुमारे सहा श्वास पडले, की हृदयगतीचे चढउतार जास्तीत जास्त उंच जातात. रशियात वाश्चिलो या संशोधकांनी आणि पुढे अमेरिकेत त्यांच्यासह पॉल लेहरर यांनी या तत्त्वाची पद्धत बसवली. प्रत्येकाचा नेमका वेग साडेचार ते सात श्वासांच्या दरम्यान कुठेतरी असतो आणि तो यंत्रावर शोधून काढावा लागतो. हा सराव नियमाने केला असता दाबाचे ते चौकीदार अधिक तत्पर होतात, असे आढळले आहे.

२००१ साली इटलीतील बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेवीस निरोगी माणसांना लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना आणि 'ओं मणि पद्मे हूं' हा मंत्र म्हणायला लावून मोजणी केली, तेव्हा दोन्हींमुळे श्वास जवळजवळ तंतोतंत मिनिटाला सहावर येऊन ठेपला. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत तिन्हीसांजेला चालणारा तेर्स आणि तिबेटी भिक्षूचा मंत्र हे देवाच्या बाबतीत एकमेकांशी सहमत नसतील. धमनीतल्या चौकीदाराच्या बाबतीत त्यांचे एकमत दिसते.

मग यंत्र हवे कशाला, हा प्रश्न उरतो, आणि माझे मत त्याच प्रश्नाभोवती आहे. यंत्र हवे ते माझ्यासारख्यांना. माझा खांदा सैल आहे, असे मी शपथेवर सांगितले असते आणि ती साक्ष खोटी ठरली असती. वर्षानुवर्षांचा ताण हा ताण म्हणून जाणवतच नाही; गिरणीच्या वस्तीत राहणाऱ्याला गिरणीचा आवाज ऐकू येत नाही तसे आपण त्यात राहायला लागतो. अशा माणसाला 'शांत व्हा' म्हणणे व्यर्थ आहे, कारण त्याच्या समजुतीने तो शांतच असतो. यंत्र त्याला हरवलेली जाणीव परत मिळवून देते, आणि एकदा ती मिळाली की यंत्राचे काम सरते. तंबोऱ्याच्या सुरावर वर्षे काढलेल्या गवयाला रस्त्याने चालतानाही षड्ज आपल्या जागी सापडतो. दहा-बारा बैठकांत संपणारी शिकवणी, हे बायोफीडबॅकचे खरे रूप आहे, आणि ज्या दिवशी यंत्र निरुपयोगी झाले त्या दिवशी ते यशस्वी झाले.

आज मनगटावर जे घड्याळ बांधले जाते त्याची रीत याच्या नेमकी उलट आहे. हिरव्या प्रकाशाने त्वचेखालच्या रक्ताचा ओघ पाहून ते ठोक्यांमधली अंतरे मोजते, त्यावरून ताणाचा एक आकडा काढते आणि तो आकडा सकाळी उठल्याबरोबर हजर करते, जसा पूर्वी शिपाई डाकेची थप्पी आणून ठेवी. त्यात 'घडत असतानाच' नाही. काल रात्री काय झाले त्याचा अहवाल आहे. शिकवणे नाही, नोंद ठेवणे आहे, आणि ती आयुष्यभर. क्वचित ते घडत असतानाच बोलते, पण काय घडते आहे हे न कळता: माझ्या नातीला तिच्या घड्याळाने परवा पत्त्यांच्या डावात, ती पोट धरून हसत असताना, दीर्घ श्वास घ्यायला सांगितले. ठोके वाढले एवढेच त्याला दिसले, बदामसत्तीत आजोबा हरले हे त्याला दिसले नाही. ती हसली आणि तिने सूचना पुसली. पण तिच्याच कचेरीतील तिची एक मैत्रीण तो आकडा वाईट आला म्हणून दिवसभर खिन्न असते, असे ती सांगते. आणि ताण मोजल्याचा ताण हा नवा रोग आपण पैसे मोजून विकत घेतला आहे, असे मला वाटल्यावाचून राहत नाही. यंत्रे बनवणाऱ्यांचा यात दोष शोधण्यात अर्थ नाही. जी शिकवणी संपते तिच्यावर दुकान चालत नाही, जो हिशेब संपत नाही त्याच्यावर चालते.

याहून गंभीर गोष्ट पुढची आहे. कित्येक आस्थापना आता आपल्या नोकरांना अशी घड्याळे, श्वासाचे वर्ग आणि ताणमुक्तीची सत्रे मोठ्या उदारतेने पुरवू लागल्या आहेत. या उदारतेकडे पाहताना एक पाहणी आठवते. ज्या मायकेल मार्मट या संशोधकांनी ऐंशीच्या दशकात चंद्रा पटेल यांच्याबरोबर शिथिलीकरणाचे प्रयोग केले, त्यांनीच लंडनच्या व्हाइटहॉलमधील सरकारी नोकरांची प्रदीर्घ पाहणीही केली आहे. समज असा होता की हृदयविकार हा मोठ्या साहेबांचा, जबाबदारीने वाकलेल्यांचा रोग. पाहणीत निघाले ते उलटे: सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाईवर्गात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक होते, आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे सर्व वजा घालूनही तफावत बरीचशी शिल्लक राहत होती. १९८५ पासूनच्या दुसऱ्या पाहणीत असे दिसले की आपल्या कामावर आपला ताबा किती, केव्हा काय करायचे हे ठरवण्याची मुखत्यारी किती, याचा हृदयाच्या आरोग्याशी घट्ट संबंध आहे. काम जास्त असणे एक वेळ सोसते. काम दुसऱ्याच्या लहरीवर असणे सोसत नाही. माझ्या खांद्यातही फायलींचे ओझे नव्हते. फायलींचा ढीग मी उपसला आहे आणि रात्री सुखाने झोपलो आहे. खांद्यात होता तो शेरा, कोणत्या क्षणी कशाबद्दल येईल याचा नेम नसलेला. आजच्या कारकुनाला तर तो जिना चढण्यापर्यंतही थांबावे लागत नाही. रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅपच्या गटावर 'तात्काळ अहवाल सादर करावा' असे फर्मान येते आणि दोन निळ्या खुणा त्याच्यावर पोहोच दिल्याची सही करून मोकळ्या होतात.

अशा कचेरीने त्याच कारकुनाला श्वास मोजायला शिकवावे, म्हणजे छप्पर गळते म्हणून घरातल्यांना पोहणे शिकवण्यासारखे झाले. पोहणे वाईट नाही. मी स्वतः शिकलो, मला त्याने फार सुख दिले, आणि ज्याला जमेल त्याने शिकावे, असेच मी म्हणेन. पण शिकवणीचा खर्च दाखवून छपराची दुरुस्ती रद्द करण्याचा जो शेरा अशा योजनांच्या फाइलीवर अदृश्य शाईत लिहिलेला असतो, तो तेहतीस वर्षे शेरे वाचलेल्या माणसाला दिसल्याशिवाय राहत नाही. आणि घड्याळ मालकाने दिले असेल तर त्यात साठलेला हृदयाचा हिशेब कोणाचा, हेही विचारले पाहिजे. २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या केंद्रीय कायद्यातच नोकरीच्या प्रयोजनांसाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची वाट ठेवलेली आहे. ती वाट कुठवर जाते हे न्यायालये कधीतरी ठरवतील. तोवर ज्याच्या हाताखाली आपण आहोत त्याच्या हाती आपली नाडी देऊ नये, एवढे शहाणपण कायद्यावाचूनही सुचायला हवे. माझ्या त्या साहेबांना माझ्या खांद्याचा सूर ऐकू आला असता, तर त्यांनी त्याचे काय केले असते याची कल्पना मला करवत नाही.

ही विद्या सरकारी रुग्णालयांत का नाही, असे विचारले की खर्चाची सबब सांगितली जाते, तीही फारशी खरी नाही. स्नायूंचा ताण ऐकवणारी पेटी महाग असेल. पण बोटाला चिकटपट्टीने बांधलेला साधा तापमापक आणि सेकंदकाटा असलेले भिंतीवरचे घड्याळ, एवढ्यावर हात गरम करण्याचा आणि मिनिटाला सहा श्वासांचा सराव कोणत्याही जिल्हा रुग्णालयात शिकवता येईल. तिथे तो शिकवणारा प्रशिक्षित मनुष्य हवा, आणि अडचण आहे ती त्या पदाची. पद मंजूर होणे, मंजूर पद भरले जाणे आणि भरलेल्या पदावरचा मनुष्य जागेवर सापडणे, या तीन अवस्थांमधला प्रवास मी अनेक योजनांच्या बाबतीत जवळून पाहिला आहे. तरी मागणी करणे आपले काम आहे, म्हणून करतो.

डॉक्टरबाईंनी शेवटच्या तीन बैठकांत पेटीचा आवाज बंद करून ठेवला. काटा त्यांच्याकडे वळवलेला, आणि मी डोळे मिटून सांगायचे की आता सूर कुठे असता. पहिल्या दिवशी मी सपशेल चुकलो. दुसऱ्या दिवशी थोडेफार जुळले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा त्या साहेबांची आठवण काढायला सांगितली. खांदा चढल्याचे मला आतूनच कळले, मी तसे सांगितले, आणि सांगता सांगता तो खाली आल्याचेही सांगितले. बाईंनी काट्याकडे पाहिले आणि कागदावर काहीतरी लिहिले. मी सवयीने खिशातून डायरी काढून पुढची तारीख विचारली.

"आता तारीख कशाला, काका?" त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावरच्या चकत्या एकेक करून सोडवू लागल्या.